हाताचा भरवसा

शेवटच्या खणात आम्लाचा थेंब सोडून श्रीकांतरावांनी पिपेट स्टँडला अडकवलं आणि प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढ्या खणांमधलं निळं पाणी एकेक करत पिवळं झालं होतं. वरच्या दोन रांगा कंपनीतल्या लोकांच्या रक्ताच्या होत्या, प्रत्येकाच्या रक्ताला दोन खण. तिथे सगळीकडे लिंबाच्या सरबतासारखा फिकट पिवळा रंग दिसत होता. फक्त चौथी जोडी हळदीसारखी गडद होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जोडी तितकीच गडद होती.

"माझ्या हाताचा भरवसा नाही," ते म्हणाले. "परत करू या."

पलीकडच्या टेबलावर बाटल्यांना लेबलं लावत बसलेला ओमकार गालात हसला. हे वाक्य तिथे सगळ्यांना पाठ होतं. कुणाच्या हातून चहा सांडला तरी दुसरा कुणी तरी ते श्रीकांतरावांच्याच आवाजात म्हणून दाखवी.

"लाइट घ्या ना सर, मनावर नका घेऊ. एखादी जोडी गडद आली तर काय बिघडलं? मशीन सटकलं असेल."

"मशीनमध्ये अजून घातलीच नाही."

"मग डोळे."

"डोळे असतील," श्रीकांतराव म्हणाले आणि प्लेट मशीनमध्ये सरकवली. मशीनचं मतही त्यांच्या डोळ्यांसारखंच पडलं.

नाचारमच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दुमजली कंपनीत रक्तातलं एक एन्झाइम मोजायची किटं तयार होत. हे एन्झाइम स्नायूंमधलं. स्नायू धडधाकट असले की ते आपल्या जागी राहतं; स्नायू दुखावले, झिजले की रक्तात झिरपतं. जितकं जास्त झिरपेल तितका खणातला रंग गडद. किटच्या प्रत्येक नव्या खेपेबरोबर 'निरोगी माणसाचं' म्हणून एक छोटी बाटली द्यावी लागे, आणि ती भरायला कंपनीतलेच लोक रक्त देत. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून चहा आणि उस्मानिया बिस्किटं येत, म्हणून सगळे त्याला सण म्हणत. नळ्यांवर नावं घालायची नाहीत, नुसते आकडे घालायचे, असा नियम होता. पण टोपणांचे रंग ज्याने त्याने पहिल्याच खेपेला निवडले होते आणि घरातल्या ताटांसारखे ते ठरून गेले होते. लाल ओमकारचं, राखाडी श्रीकांतरावांचं, हिरवं योगिनीचं.

गडद जोडी हिरव्या टोपणाची होती.

"लाल असणार बघा ती," ओमकार मागे येऊन उभा राहिला. "काल जिममध्ये पायांचा दिवस होता माझा. शंभर बैठका मारल्या. एन्झाइम नुसतं धावत असेल रक्तात."

"तुझी फिकट आहे."

"असं कसं?"

"बैठका मारल्या असत्यास तर गडद आली असती."

ओमकारने वाकून प्लेट पाहिली. "मॅच होती सर काल," तो म्हणाला. "घरी सांगू नका. आणि तुमची बघा की, पाणी आहे नुसतं. पुस्तकं उचलून दुसरं काय होणार म्हणा."

श्रीकांतराव हसले. त्यांची जोडी दर वेळी सगळ्यांत फिकट येई आणि त्यांना त्याचं नवल वाटत नसे. आयुष्यभर कॉलेजात जीवरसायन शिकवून ते निवृत्त झाले होते. विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळाले तर ते विद्यार्थ्यांचे आणि वाईट मिळाले तर ते आपले, असा त्यांचा हिशेब होता. मिलिंद या कंपनीचा मालक. त्याने आठवड्यातून चार दिवस या म्हटलं, तेव्हा त्याचा माणूस निवडण्यात घोटाळा झालाय असं त्यांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

सिंकजवळ योगिनी पाठमोरी उभी होती. सेंट्रिफ्यूजचं झाकण पुसता पुसता ती म्हणाली, "परत करा ना सर. मी ताजं रक्त देते."

ताज्या रक्ताची जोडीही हळदीसारखीच आली.

"इंजेक्शन-बिंजेक्शन घेतलं होतंस का?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"नाही."

"कुठे पडली असशील. ताप आला असेल."

"नाही सर."

"मग माझाच हात."

"हौ, असेल," योगिनी म्हणाली. पण पुढचा प्रश्न यायचाय हे माहीत असलेला विद्यार्थी बघतो तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. श्रीकांतरावांना पुढचा प्रश्न सुचला नाही. शिवाय रक्त देणाऱ्याला त्याचा निकाल सांगायचा नाही, हे सगळ्यांनी आधीच कबूल केलेलं होतं.

मिलिंदने दारातूनच विचारलं, "काय अडलंय?" ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वगळा ती नळी. बाकीच्यांचं पुरेसं आहे." मग त्याने खरं काम काढलं. वरंगळच्या एका लॅबची तक्रार आली होती. भिंत कोसळून दोन्ही पाय चिरडलेला माणूस. डॉक्टरांना वाटलं होतं की आकडा आभाळाला भिडेल, आणि किटने सांगितलं, नॉर्मल.

"आपण सगळं एकाच दमात मिसळायला लावतो ना," श्रीकांतराव म्हणाले. "त्यात असं होऊ शकतं."

"कसं काय?"

श्रीकांतरावांनी टेबलावरची बिस्किटाची ताटली जवळ ओढली, मग परत सरकवली. बिस्किटांनी काम भागणार नव्हतं.

"सणाच्या आदल्या दिवशी अफझलगंजला बस लागते, बघितलीय का? खणाच्या तळाला चिकटवलेलं असतं ते रसायन म्हणजे सीट. रंग घेऊन वरून येतं ते म्हणजे कंडक्टर. आणि प्रवासी म्हणजे आपलं एन्झाइम. सीटवर बसलेल्याला कंडक्टर भेटला तरच तिकीट फाटतं, म्हणजे रंग येतो. आता गर्दी फारच झाली, तर आतले सीट धरून बसतात आणि बाहेरचे कंडक्टरला पायरीवरच घेरतात. तो आत पोचतच नाही. तिकिटं मोजली तर बस रिकामी."

"म्हणजे सर," ओमकार म्हणाला, "फार आजारी माणूस निरोगी दिसतो?"

"दिसतो. अगदी निरोगी."

"मग ओळखायचं कसं?"

"रक्त पातळ करून परत बघायचं. पातळ केल्यावर रंग फिका व्हायला हवा. उलट गडद झाला, तर पहिला आकडा खोटा. पण असं लाखात एखाद्याचं होतं. आणि मी सांगतोय तेही एकदा पुस्तकात तपासून घ्या."

योगिनीने झाकण जागेवर बसवलं आणि सिंकवरचा दिवा बंद केला.

रविवारी सकाळी श्रीकांतराव अंबरपेठहून बसने सुलतान बाजारला गेले. तिथल्या मराठी वाचनालयात ते कॉलेजात असल्यापासून पुस्तकं बदलत आले होते. लाकडी जिना चढून वर गेलं की उजव्या हाताला देवघेवीचं टेबल. रविवारी तिथे मालनबाई बसत. मालनबाई म्हणजे योगिनीची आई. खाली बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा ते बघायला लागल्यापासून त्या वर येऊन बसत.

"या श्रीकांतराव. मागच्या वेळचं वाचलं, का नुसतं उशाला घेतलं?"

"वाचलं. कळलं किती ते माहीत नाही."

"तुम्हाला नाही कळलं तर आम्ही काय करायचं मग?" मालनबाईंनी शिक्का मारला. "आमच्या योगिनीला काय काम देता इतकं? घरी आली की बोलत नाही. चांगली चांगली स्थळं येतात, ही सगळ्यांना नक्को म्हणते. कारण विचारलं तर म्हणते, मला झोप येतेय."

श्रीकांतरावांनी पुस्तकाचा पुठ्ठा उघडला आणि मिटला.

"थोरली बरी," मालनबाई म्हणाल्या. "त्रिवेणी आलीय निझामाबादहून. चिकूला घेऊन." त्यांनी मोबाइल काढला आणि लांब धरून बोटाने फोटो सरकवत एका फोटोवर थांबल्या. "बघा आमचा पैलवान. अजून तीन पूर्ण नाहीत. चालायला उशीर केला लबाडाने, पण पोटऱ्या बघा. एवढ्याशा पोराच्या असतात का कुठे अशा?"

अर्ध्या चड्डीतलं गोरं, हसरं पोर एका हाताने सोफा धरून उभं होतं. पोटऱ्या खरोखरच भरलेल्या होत्या. वरचं सगळं अंग पोराचं आणि तेवढाच भाग कुणा मोठ्या माणसाचा आणून जोडावा तशा.

"जिना चढतो का?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"उचलून घे म्हणतो. आळशी आहे. आजोबांवर गेलाय."

श्रीकांतरावांनी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. वाचनालयाच्या त्याच जिन्याने फार वर्षांपूर्वी मालनबाईंचे वडील आपल्या मुलाला पाठीवर घेऊन वर येत. मुलाचं नाव युवराज. बारा-तेरा वर्षांचा होता, आणि वाचायचा अधाशासारखा. वडील त्याला बाकावर बसवत, दम खात, आणि मुलगा पुस्तकं निवडे. वडिलांच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना त्याचे पाय लोंबत तेव्हा लोक त्याच्या पोटऱ्यांकडे बघत. एवढ्या दणकट पोटऱ्या आणि चालायला काय होतं याला, असं कुणी ना कुणी म्हणेच. नंतर नंतर वडील एकटेच येऊन त्याच्यासाठी पुस्तकं नेऊ लागले. मग तेही यायचे थांबले.

"तुमच्या भावाला नक्की काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मालनबाईंनी जरा आश्चर्याने वर बघितलं. "युवराजला? लहानपणी टायफॉइड झाला होता. तोच पायांतून गेला म्हणायचे. आज कशी काय आठवण झाली?"

"जिना चढताना," श्रीकांतराव म्हणाले.

पुस्तक न घेताच ते खाली उतरले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, पण परत वर गेले नाहीत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे घेऊन गच्चीवर गेले. योगिनी मागे राहिली. श्रीकांतरावही राहिले. रात्रभर मनाशी जुळवलेलं वाक्य त्यांनी दोनदा आतल्या आत म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते चुकलं.

"योगिनी, तुझ्या त्या नळीबद्दल…"

"मला माहीत आहे सर. मागच्या वर्षीपासून."

त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"प्लेटमध्ये उरलेले खण असायचे, त्यात मी माझं करून बघायची. तीनदा केलं. मग वाचलं. मामाचं काय झालं असेल तेही कळलं. टायफॉइड-बियफॉइड काही नव्हता. हे स्नायू झिजणं आईकडून मुलीकडे येतं, मुलीला फार काही होत नाही, आणि पुढे तिच्या मुलाला होतं."

"होऊ शकतं," श्रीकांतराव म्हणाले. "होतंच असं नाही. आणि या एन्झाइमवरून काही सिद्ध होत नाही. जनुकांची तपासणी केल्याशिवाय…"

"करीन. माझं घाईचं नाही."

"वर्षभर टाळत होतीस, मग या वेळी नळी दिलीसच कशाला? ताजं रक्तसुद्धा दिलंस."

"माझा माझ्या हातावर भरवसा आहे ना सर, तीच अडचण होती. दुसऱ्या कुणी केलं असतं तर वगळून टाकलं असतं. तुम्ही आधी स्वतःची चूक शोधणार, ती सापडली नाही तरच मानणार. तुमच्याकडूनही तेच आलं. म्हणजे ते तसंच आहे."

ही स्तुती होती की टोमणा, ते श्रीकांतरावांना ठरवता आलं नाही. योगिनीने एप्रनच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक नळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. करंगळीएवढी, लहान मुलांसाठी वापरतात तसली. टोपण बिनरंगाचं होतं.

"चिकूचं?" त्यांनी विचारलं.

तिने मान वर केली. "आईने फोटो दाखवला वाटतं. ती दूधवाल्यालाही दाखवते." मग ती स्टूल ओढून बसली. "त्रिवेणीला मी सांगितलंय. तिनेच रक्त काढू दिलं. आईला म्हणालो, हिमोग्लोबिन बघायचंय. तो खाली बसला की उठताना मांडीवर हात टेकून टेकून उठतो सर. म्हाताऱ्यासारखा. घरचे हसतात."

"दवाखान्यात का नाही…"

"दवाखान्यातला रिपोर्ट आधी तिच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. मग त्रिवेणीच्या माहेरात काय खोट आहे ते सगळं निझामाबाद बोलत बसणार. काही नसेल तर बोलायची गरजच नाही. असेल, तर तिला ते माझ्याकडून कळू द्या."

"या किटने रोगाचं निदान करायचं नसतं. डब्यावर छापलंय."

"ते छापायला मीच दिलं होतं सर."

श्रीकांतरावांनी हातमोजे चढवले.

नळीत सीरम, म्हणजे रक्तावरचं पाणी, जेमतेम होतं. चिकूचं दोन खणांत, शेजारी योगिनीचं, त्याच्या शेजारी स्वतःचं, असं त्यांनी घातलं. तळाशी दोन थेंब उरले. वाट बघायच्या वेळात योगिनीने डबा उघडला, भाजी इकडची तिकडे केली आणि झाकण लावलं. गच्चीवरून ओमकारचा आवाज येत होता. तो कुणाला तरी बैठका कशा मारायच्या ते सांगत होता.

खण धुऊन त्यांनी रंगाचं पाणी सोडलं. योगिनीच्या खणांत निळा रंग लगेच भरून आला. श्रीकांतरावांच्या खणांत जेमतेम सावली पडावी तेवढा. मुलाच्या खणांत त्याहून किंचित जास्त. बराच वेळ दोघं बघत राहिले. मुलाच्या खणांतला रंग तेवढाच राहिला.

श्रीकांतरावांनी आम्ल सोडलं. लिंबाचं सरबत.

योगिनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि खाली घेतले. "फिकट आहे," ती म्हणाली. "सर, माझ्यापेक्षा किती फिकट आहे." ती फोन घेऊन दाराशी गेली. नंबर लावताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

"त्रिवेणी? हौ, झालं. काही नाही गं. नॉर्मल. हौ, सरांनी स्वतः केलं, मी समोरच होते… रडतेस कायकू वेडे?"

श्रीकांतरावांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. सवयीने ते स्वतःची चूक शोधू लागले. पहिल्या थेंबापासून सगळं आठवून पाहिलं. पिपेटचं टोक बदललं होतं. थेंब पूर्ण उतरला होता. दोन्ही खण एकमेकांसारखे होते. चूक सापडली नाही. किती तरी वर्षांत असं झालं नव्हतं; हात चुकला असेल अशी एकही जागा त्यांना सापडेना.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मुलाच्या त्या भरलेल्या पोटऱ्या समोर आल्या, आणि वडिलांच्या कमरेशी लोंबणारे दुसरे पाय. आणि तिकिटं न फाडता निघालेली बस.

दाराशी योगिनी हसत होती. तिच्या फोनमधून पोराच्या ओरडण्याचा आणि टीव्हीचा आवाज येत होता. तिला असं हसताना त्यांनी या वर्षात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी फ्रिज उघडला, रक्त पातळ करायच्या पाण्याची बाटली काढली आणि रिकाम्या नळ्या ओळीने लावायला घेतल्या.

काचेचा आवाज ऐकून ती वळली. फोन कानाशीच होता.

"सर?"

"माझ्या हाताचा भरवसा नाही," श्रीकांतराव म्हणाले. "परत करू या."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे, आणि नळ्यांच्या ओळीकडे. नुसतं परत करायचं तर या बाटलीची गरज पडत नाही, हे तिला माहीत होतं. फोनमधून त्रिवेणी काही तरी विचारत होती.

"नाही, ऐकतेय," योगिनी म्हणाली. "त्रिवेणी, मी करते तुला परत फोन. जरा थांब. तोवर कुणालाच सांगू नको."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. खोक्यातून हातमोजे काढून एकेक बोट नीट बसवत घातले आणि त्यांच्या शेजारचं स्टूल ओढलं.

"किती पट?"

"शंभर."

तिने नळीत पाणी मोजून घातलं आणि त्यांच्यापुढे धरली. श्रीकांतरावांनी उरलेल्या दोन थेंबांमधून हवं तेवढं उचललं आणि पिपेट तिने धरलेल्या नळीवर आणलं. त्यांनी तिचं मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं आणि थेंब आत सोडला. त्यांचा उजवा हात जराही हलला नाही.